खांब एका टोकाला जाड का येतो?

प्रश्न : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. घरी पिढीजात वाढईकाम आहे. गेल्या वर्षी एक जुनी ऑर्नामेंटल मिल विकत घेतली. लोखंडी चौकट, वर रुळांवर सरकणारी गाडी, गाडीत राउटर, खाली दोन सेंटरांमध्ये धरलेलं लाकूड. हँडल फिरवलं की गिअरमधून लाकूड फिरतं आणि स्क्रूवरून गाडी पुढे सरकते. देव्हाऱ्याचे आणि झोपाळ्याचे खांब करायचे म्हणून घेतली. पण तीन गोष्टी जमत नाहीत. सरळ गोल खांब टेलस्टॉककडच्या टोकाला जाड येतो. उभ्या पन्हळी पाडल्या तर त्या एका अंगाला कललेल्या दिसतात. आणि पीळ पाडताना दुसऱ्यांदा खोल घेतलं की बिट पहिल्या खाचेत न चालता तिचा काठ खातं. मशीनच खराब आहे की माझं काही चुकतं?

– एक वाचक, जिल्हा गोंदिया

उत्तर : भाऊ, तुम्ही तीन तक्रारी तीन वेगळ्या वाक्यांत लिहिल्यात, त्यामुळे अर्धं निदान तुमच्याच पत्रात झालेलं आहे. बहुतेक जण ‘काम बरोबर येत नाही’ एवढंच लिहितात आणि मग प्रत्येक बोल्ट थोडा थोडा हलवत बसतात. तुमच्या तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. त्यांतलं एकही मशीन भंगारात काढण्याइतकं मोठं नाही.

खरादीवर बसलेला कारागीर पटाशी हातात धरतो. सावंतवाडीला लाखकामाची खेळणी आणि पाटाचे पाय ज्या लेथवर होतात, तो लेथ जरासा वाकडा असला तरी काम वाकडं येत नाही, कारण हात आणि डोळा तो वाकडेपणा वाटेतच सावरून घेतात. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या घाटाचे सागवानी खांब १८०७च्या सुमारास निव्वळ हातांनी कोरले गेले. तिथेही दोरी, कंपास आणि नजर एवढ्यावर भागलं. तुमच्या मिलमध्ये मात्र हत्यार गाडीत बांधलेलं आहे. रूळ जिथे नेईल तिथे ते जातं. त्यामुळे चौकटीतली प्रत्येक चूक जशीच्या तशी लाकडावर उमटते. याचा त्रास आहे तसा फायदाही आहे : लाकूड नीट मोजलं की मशीनची चूक किती आणि कुठल्या दिशेला, ते आकड्यात कळतं.

एक पथ्य पाळा. जमिनीपासून सुरुवात करा आणि वर चढा. जमीन, चौकट, रूळ, सेंटर, राउटर, मग इंडेक्स आणि गिअर. खालची पायरी हलवली की वरच्या सगळ्या हलतात. आधी गिअर नीट बसवले आणि मग चौकटीखाली फळीचा तुकडा सारला, तर गिअरची मेहनत वाया गेली असं समजा. आणि दुरुस्ती चालू असेपर्यंत राउटरचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

चौकट आधी. खेड्यातल्या कार्यशाळेची फरशी सहसा एका पातळीत नसते. चार पायांची लोखंडी चौकट अशा फरशीवर एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखी डुगडुगते, आणि वर राउटरचं वजन आलं की पीळ खाते. पाणसळीने लांबीची आणि रुंदीची पातळी घेता येते, पण पीळ तिच्यातून निसटू शकतो. त्यासाठी दोरी. ओळंब्याची पातळ नायलॉनची दोरी चौकटीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्णावर ताणा, तशीच दुसरी दुसऱ्या कर्णावर. मध्यभागी दोन्ही एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट दिसली तर चौकट पिळलेली आहे. मग खालची दोरी वर घेऊन पुन्हा बघा. एका क्रमात टेकतात आणि दुसऱ्या क्रमात एक दोरी दुसरीला दाबते, असंही असू शकतं, आणि ते पहिल्या पाहणीत कळत नाही. पायाखाली पॅकिंग द्या, बोल्ट आवळा, आणि आवळल्यावर परत दोरी बघा, कारण आवळतानाच चौकट सर्वांत जास्त हलते. रुळांमधलं अंतर दोन्ही टोकांना आणि मध्ये व्हर्नियरने किंवा एका कापलेल्या पट्टीने तपासा. पट्टी तिन्ही ठिकाणी सारख्याच घासणीने जायला हवी.

आता तुमची पहिली तक्रार. टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपाशी आणून दोन सेंटरांची टोकं एकमेकांना भिडवून बघण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते. ती वाईट नाही, पण ती फक्त त्या जागेची साक्ष देते. टेलस्टॉक तीन फूट लांब गेल्यावर काय होतं ते ती सांगत नाही. त्यापेक्षा लाकडालाच विचारा. सरळ धाग्याचा, गाठ नसलेला हळदूचा किंवा शिवणीचा तुकडा घ्या. तुमच्या भागातल्या लाकडांत चाचणीसाठी हळदूला तोड नाही : बारीक, एकसारखा पोत, आणि खरादीला अगदी मऊसूत. सागवान चाचणीत वाया घालवू नका. त्यात सिलिका असते, ती बिटाची धार खाते, आणि बोथट बिटाने घेतलेली मापं खोटी येतात.

तुकडा साधारण ९०० मिलिमीटर लांब घ्या. राउटरची खोली एकदा ठरवून कुलूपबंद करा आणि दोन टोकांपाशी फक्त दोन अरुंद पट्टे गोल करा. मधलं लाकूड तसंच राहू द्या. दोन्ही पट्ट्यांचा व्यास व्हर्नियरने मोजा. समजा हेडस्टॉककडे ६०.० आणि टेलस्टॉककडे ६१.२ आला. फरक १.२, पण सेंटर १.२ने चुकलेलं नाही. व्यासातला फरक दोन्ही बाजूंनी मिळून दिसतो, म्हणून सेंटरची चूक त्याच्या निम्मी, ०.६ मिलिमीटर. बिट वरून येतं आणि टेलस्टॉककडे लाकूड जाड राहतं, म्हणजे तिथे लाकडाचा आस बिटापासून लांब, खाली गेलेला आहे. पण टेलस्टॉकखाली लगेच ०.६चं पॅकिंग घालू नका.

कारण दोष दोन जागी असू शकतो. टेलस्टॉकचं सेंटर मुळातच बुटकं असेल, किंवा सेंटर बरोबर असून रूळ चौकटीशी समांतर नसतील. दोन्हींत लांब खांब सारखाच दिसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. टेलस्टॉक पुढे आणा आणि ३०० मिलिमीटरचा आखूड तुकडा त्याच पद्धतीने, दोन टोकांना दोन पट्टे पाडून मोजा. फरक पूर्वीइतकाच, म्हणजे १.२च्या आसपास आला, तर टेलस्टॉक बुटका आहे. जवळ आला तरी तो तेवढाच बुटका राहतो. फरक तिसऱ्या भागावर, ०.४च्या आसपास आला, तर उतार रुळांचा आहे आणि दुरुस्ती रुळांच्या टोकाला करायची. हे न बघता टेलस्टॉक उचलला तर ९०० मिलिमीटरचे खांब बरोबर येतील आणि देव्हाऱ्याचे आखूड खांब उलटे निमुळते होतील. मग माणूस मशीनला शिव्या देतो.

पॅकिंग म्हणून आधी साधा कागद वापरा. वहीचा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे सहा कागदांनी अंदाज लगेच येतो. अंदाज पक्का झाला की कागद काढून तेवढ्याच जाडीची पितळी पत्री घाला. तुमच्याकडच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन दबतो आणि माप पळतं.

डायल गेज असेल तर हेच काम लाकूड न कापता होतं. सेंटरांमध्ये चकचकीत सरळ शाफ्ट धरा, गेज गाडीला बांधा, आणि गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. सुई वरच्या बाजूवर ठेवली तर उंचीचा फरक, बाजूवर ठेवली तर आडवा फरक. गेज एक शतांश मिलिमीटर दाखवतं, पण लाकडात एवढ्या बारकाईची गरज नाही. एक दशांशाच्या आत आलं की थांबा. गोंदिया धानाच्या गिरण्यांचं शहर आहे. तिथले राइस मिलचे शाफ्ट आणि पुली लायनीत बसवणारे मिस्त्री हेच काम रोज करतात. त्यांच्यापैकी एकाला चहा पाजा. एका दुपारी तो जे दाखवेल ते मी दहा पानांत लिहू शकणार नाही.

दुसरी तक्रार, कललेल्या पन्हळींची, पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे. सेंटर वर-खाली चुकलं तर ते जाडीत दिसतं. बाजूला चुकलं तर जाडीत जवळजवळ काहीच दिसत नाही. साठ मिलिमीटरच्या खांबावर सेंटर एक मिलिमीटर बाजूला असलं तरी व्यास मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतकाच बदलतो. म्हणून गोल खांब पाहून माणूस म्हणतो, सगळं ठीक आहे. पण पन्हळ पाडताना बिट आसाच्या नेमकं वर नसतं, त्यामुळे खाचेचा एक काठ उंच राहतो, एक खाली येतो, आणि सगळ्या पन्हळी एकाच दिशेला माना वाकवतात. तुम्ही जे पाहिलं ते हेच.

याचं माप घ्यायला चौकोनी तुकडा हवा. ६० बाय ६०चा, चारही अंगांनी नीट रंधलेला, गुण्यात असलेला. सेंटरांमध्ये धरा, इंडेक्सची खीळ बसवा, आणि वरचं तोंड रुळांशी सपाट आहे ना ते डायल गेज आडवं फिरवून बघा. तोंड एक अंश जरी कललेलं असलं तरी मापात अर्धा मिलिमीटर खोटा फरक घुसतो. मग व्ही-बिटाने एका टोकापाशी वरच्या तोंडावर बारीक रेघ मारा. तुम्ही उभे आहात त्या बाजूच्या कडेपासून ती रेघ किती लांब आहे ते मोजा. समजा ३१.० आली. आता तुकडा बरोबर अर्धा फेरा फिरवा, त्याच टोकापाशी उलट्या तोंडावर रेघ मारा आणि पुन्हा तुमच्याच बाजूच्या कडेपासून मोजा. समजा ३०.६ आली. दोन्हींची सरासरी ३०.८. बरोबर मध्य ३० वर असायला हवा होता. म्हणजे बिट आसापासून ०.८ मिलिमीटर तुमच्यापासून दूर आहे.

सरासरी का घ्यायची? लाकूड सेंटरमध्ये धरताना थोडं इकडेतिकडे होणारच. पहिल्या मापात ती चूक एका दिशेने शिरते, अर्धा फेरा दिल्यावर उलट दिशेने. बेरीज केली की ती कटते आणि फक्त मशीनची चूक उरते. आता हीच दोन मापं दुसऱ्या टोकाला घ्या. दोन्ही टोकांना ०.८ आलं तर राउटरची प्लेट तेवढी तुमच्याकडे ओढा, काम झालं. हेडस्टॉककडे शून्य आणि टेलस्टॉककडे ०.८ आलं तर राउटरला हात लावू नका. टेलस्टॉक ०.८ने तुमच्यापासून दूर सरकवा.

राउटर उभा आहे की नाही हेही एकदा बघून घ्या. बिटाऐवजी चकमध्ये सरळ रॉड धरा आणि राउटरच्या पायाच्या प्लेटवर गुण्या ठेवून दोन दिशांनी तपासा. मग मशीनवर चढवल्यावर चकमध्ये वाकवलेली जाड तार धरून हाताने फिरवा. सेंटरमधल्या शाफ्टला ती डावीकडे आणि उजवीकडे सारखीच घासली पाहिजे. गोल तोंडाच्या बिटाला थोडा कल खपतो. सपाट तोंडाच्या बिटाला अजिबात खपत नाही, ते दर पासाला एक बारीक पायरी सोडतं, आणि ती पायरी पॉलिश केल्यावर आणखीच उठून दिसते.

इंडेक्सबद्दल थोडक्यात. प्लेटवर जितकी भोकं, त्यांना पूर्ण भाग जाईल तेवढ्याच पन्हळी. ६० भोकांवर सहा, दहा, बारा पडतील, आठ पडणार नाहीत. आठ हव्या असतील तर २४ किंवा ७२ची प्लेट हवी. पन्हळी पाडून झाल्यावर त्यांच्यातली अंतरं कंपासने मोजा. शेवटचंच अंतर वेगळं आलं तर प्लेट शाफ्टवर सरकली आहे, तिचा स्क्रू आवळा. अंतरं कशीही कमीजास्त आली तर खीळ भोकात ढिली आहे. एका बाजूला हळूहळू वाढून समोरच्या बाजूला हळूहळू कमी झाली तर प्लेट आसावर मध्यभागी बसलेली नाही. तुम्ही इंडेक्सची तक्रार केलेली नाही, तरी पीळ जुळवण्याआधी एवढं बघाच, नाहीतर गिअरला नसता दोष द्याल.

तिसरी तक्रार गिअरची, आणि इथे मशीनपेक्षा हाताची सवय जास्त महत्त्वाची. दोन गिअरच्या दातांमध्ये थोडी फट असावीच लागते, नसली तर ते अडकतात. स्क्रूच्या नटमध्येही थोडी फट असते. हँडलची दिशा बदलली की आधी या सगळ्या फटी भरून निघतात आणि मगच गाडी आणि लाकूड हलतं. याला कारागीर प्ले म्हणतात. तुम्ही बहुधा पीळ पाडत पुढे जाता, खोली वाढवता आणि तसेच कापत मागे येता. मागे येताना गाडी त्याच जागी असते, पण लाकूड किंचित मागे राहिलेलं असतं. साठ मिलिमीटरच्या खांबाचा घेर साधारण १८८ मिलिमीटर. म्हणजे लाकूड एक अंश मागे राहिलं की पृष्ठभागावर अर्धा मिलिमीटर फरक पडतो, दोन अंशांना एक मिलिमीटर. पिळाचा काठ खायला एवढं पुष्कळ झालं.

तुमच्या मशीनमध्ये प्ले किती आहे ते बघायला राउटर काढून त्याच्या जागी टोकदार पेन्सिल बांधा. गोल केलेल्या खांबावर कागद गुंडाळून चिकटवा. हँडल फिरवत पीळ पुढे काढा आणि पेन्सिल न उचलता हँडल उलटं फिरवून परत या. दोन रेघा पडतील. त्यांच्यातलं अंतर म्हणजे तुमचा प्ले, मिलिमीटरमध्ये लिहिलेला. अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर मशीनला हात लावू नका. जास्त असेल तर गिअर थोडे जवळ आणा. दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून गिअर दाबा, बोल्ट आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांचे वळ उमटले पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. नट झिजला असेल तर तो बदलावाच लागेल. ते काम कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे होतं.

त्यानंतरही नियम एकच : कापायचं ते पुढे जातानाच. शेवटापर्यंत पोचलात की बिट पूर्ण वर उचला, हँडल उलटं फिरवत सुरुवातीच्याही मागे जरा जास्त या, मग पुढे येत येत सुरुवात गाठा आणि तिथे बिट खाली उतरवा. फटी दर वेळी एकाच बाजूला भरलेल्या राहतात आणि बिट जुन्या खाचेतच चालतं. वेळ थोडा जास्त लागतो. बरेच पीळ एवढ्यानेच सुधारतात, पाना हातात न घेता.

जाता जाता एक गोष्ट, कारण असल्या मशीनबद्दल कुतूहल असणारे वाचक दुसरीकडेही आहेत. गिअरने नक्षी पाडण्याचा हा उद्योग जुना आहे. स्ट्रासबुर्गहून अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला आलेल्या होल्टझाप्फेलच्या घराण्याने श्रीमंत शौकिनांसाठी असले नक्षीचे लेथ बनवले. पुढे १८४३पासून त्या घराण्याने या विद्येवर पाच जाडजूड खंड काढले. शौकीन लोक हस्तिदंत आणि आफ्रिकेतलं काळं लाकूड त्यावर चढवत. त्यांच्या हाताशी वेळ भरपूर होता. तुम्हाला लग्नसराईच्या आत झोपाळा द्यायचा असतो.

राहिलं लाकूड. मशीन अगदी लायनीत असलं तरी ओलं लाकूड ते खोटं पाडतं. सागवान पूर्ण वाळताना वर्तुळांच्या दिशेने साधारण पाच टक्के आकसतं आणि गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने त्याच्या निम्मं. म्हणून आज गोल केलेला ओला खांब दोन महिन्यांनी अंडाकृती होतो, आणि मग वाटतं की सेंटर हललं. मिस्त्रीला बोलावण्याआधी तोच खांब पुन्हा मोजा. लांब आणि बारीक खांब मध्ये वाकतो, त्याला मधोमध आधार द्या, नाहीतर टोकांना बरोबर आणि मध्ये जाड, अशी चौथी तक्रार घेऊन तुम्ही परत पत्र लिहाल. मशीनचा पाट किंवा राउटरची प्लेट प्लायची असेल तर तीही मेच्या उन्हात आणि ऑगस्टच्या पावसात वेगळी वागते. वर्षातून या दोन वेळा दोऱ्यांची आणि दोन पट्ट्यांची चाचणी करून आकडे वहीत लिहून ठेवा. आणि सागाचा, बिजाचा बारीक भुसा नाकात जाऊ देऊ नका, तोंडाला फडकं बांधण्याऐवजी चांगला मास्क वापरा.

‘मशीन खराब आहे का’ याला माझं उत्तर नाही असं आहे. टेलस्टॉक किंवा रूळ, राउटरची प्लेट आणि हँडल फिरवायची दिशा, एवढ्यावर तुमचे खांब ठीक होतील असं मला वाटतं. पण हे तुमच्या पत्रावरून बांधलेलं मत आहे. चाचणी करा आणि चार आकडे कळवा : लांब तुकड्यावरचा व्यासाचा फरक, आखूड तुकड्यावरचा फरक, चौकोनी तुकड्याची दोन्ही टोकांची सरासरी, आणि पेन्सिलच्या दोन रेघांमधलं अंतर. ते आले की पुढच्या अंकात नेमका कुठला बोल्ट आणि किती, ते सांगतो.